आभाळाची जागल

काटोलकडे मामाचं वावर आहे. थोडी संत्र्याची झाडं, बाकी हरभरा. मागच्या हिवाळ्यात एक रात्र मी त्याच्यासोबत जागलीला होतो. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरं रात्री वावरात शिरतात, म्हणून मचाणावर बसून राखण करायची. त्या राखणीला आमच्याकडे जागल म्हणतात. हातात बॅटरी, जवळ पाच-सहा सुतळी बॉम्ब, मचाणाखाली कुत्रं, आणि थंडी अशी की चहाच्या थर्मासासाठीही घोंगडीतून हात काढवत नाही.

दोनच्या सुमारास नाल्याकडून खसफस ऐकू आली. मामानं बॅटरी मारली, डोळे चमकले, बॉम्ब फुटला आणि कळप उधळला तो थेट धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, ओलांडून शेजारच्या वावरात. शेजारी त्या रात्री जागलीला नव्हता. सकाळी पाहतो तर त्याचा हरभरा नांगर फिरवल्यासारखा उकरलेला. मी म्हणालो, "चला, आपलं तरी वाचलं." मामा म्हणाला, "काय वाचलं बापू! उद्या तो बसन मचाणावर, अन् डुकरं येतीन आपल्याकडं."

त्यानंतर नाल्यालगतच्या सात जणांनी बसून पाळ्या लावल्या. कोणती रात्र कोणाची, नाल्याच्या तोंडाशी कोण, आवाज आला तर पहिला फोन कोणाला, हे सगळं अर्ध्या तासात ठरलं. अडलं ते एकाच गोष्टीवर: डुकरामागं धावताना धुरा ओलांडून दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरायचं की नाही? त्यासाठी दोन बैठका लागल्या.

देशांनी मिळून आभाळ राखायचं म्हटलं की मला ही जागल आठवते. 'मित्रदेश आपलं हवाई आणि क्षेपणास्त्र संरक्षण संयुक्तपणे बळकट करणार' अशी बातमी आली की टीव्हीवाले लगेच धूर सोडत आभाळात जाणारं क्षेपणास्त्र दाखवतात. क्षेपणास्त्र काय, पैसे मोजले आणि काही वर्षं थांबलं की मिळतं. खरी मेख 'संयुक्तपणे' या शब्दात आहे, आणि त्याचं चित्र काढता येत नाही म्हणून ते कोणी दाखवत नाही.

एकट्याला दिसतच नाही

हवाई संरक्षणाची कामं मोजकीच. काहीतरी येतंय हे दिसलं पाहिजे, ते काय आहे हे ओळखलं पाहिजे, पाडायचं की नाही हे कोणीतरी ठरवलं पाहिजे आणि मग ते पाडलं पाहिजे. यातलं पहिलंच एकट्या देशाला नीट जमत नाही, आणि त्याला कारण भूगोलाचं आहे.

रडारच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. जमिनीपासून १० मीटर उंचीवर रडार असेल आणि १०० मीटरवरून एखादं क्रूझ क्षेपणास्त्र, म्हणजे विमानासारखं जमिनीलगत उडणारं, येत असेल, तर ते साधारण ५५ किलोमीटरवर आल्यावरच क्षितिजाच्या वर डोकं काढतं. त्याआधी रडार कितीही महागडं असो, मध्ये जमीन आहे. अशा क्षेपणास्त्राला ५५ किलोमीटर कापायला चार मिनिटंही लागत नाहीत. हेच रडार विमानावर बसवून नऊ किलोमीटर उंच नेलं, तर तेच खालून येणारं लक्ष्य सुमारे ४०० किलोमीटरवरून दिसतं. अमेरिका आणि युरोपीय देशांच्या नाटो या लष्करी संघटनेची अवॅक्स विमानं, पाठीवर फिरती तबकडी घेऊन उडणारी, याचसाठी आहेत. ती जर्मनीतल्या गायलेनकिर्शन तळावर असतात आणि त्यांच्यात वेगवेगळ्या देशांचे लोक एकाच विमानात शेजारी बसून काम करतात.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची गोष्ट उलटी. ते फेकलेल्या दगडासारखं आधी उंच जातं, मग खाली येतं, म्हणून लांबून दिसतं, पण वेळ देत नाही. १३ एप्रिल २०२४ च्या रात्री इराणनं इस्रायलवर हल्ला केला तेव्हा सुमारे १७० ड्रोन, ३० क्रूझ आणि १२० च्या आसपास बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं सोडली. अंतर तेच, पण ड्रोनला पोचायला काही तास, क्रूझला साधारण दोन तास आणि बॅलिस्टिकला जेमतेम १२ मिनिटं. लांबच्या प्रवासाला निघालेला ड्रोन वाटेत दुसऱ्या देशांच्या आभाळातून जातो, तिथल्या रडारांना आधी दिसतो. शेजाऱ्यानं फोन केला तर तासांची सवड, नाही केला तर मिनिटांची.

इथे एक जोडगोष्ट सांगावीशी वाटते, कारण दोन्ही एकाच रात्री घडल्या. ८ जानेवारी २०२० ला इराणनं इराकमधल्या अमेरिकी सैनिक असलेल्या अल-असद तळावर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं डागली. तिथे ती पाडायला पॅट्रियट ही अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा नव्हती. पण इशारा वेळेवर पोचला, सैनिक बंकरमध्ये गेले, आणि शंभरावर जणांच्या मेंदूला धक्क्यानं इजा झाली तरी एकही मेला नाही. त्याच पहाटे तेहरानजवळ इराणच्याच हवाई संरक्षणानं युक्रेनचं प्रवासी विमान क्षेपणास्त्र समजून पाडलं. १७६ माणसं गेली. एकीकडे पाडायला काही नसताना नुसत्या इशाऱ्यानं जीव वाचले, दुसरीकडे पाडायला सगळं होतं आणि ओळखण्यात चूक झाली.

तिघांनी मोजलेली डुकरं

मामाच्या जागलीच्या पहिल्या आठवड्यात एक गंमत झाली. रात्री तिघांचे फोन आले. एक म्हणे पाच आहेत, दुसरा म्हणे सहा, तिसरा म्हणे नाल्यापलीकडे चार. सगळे पंधरा डुकरांच्या तयारीनं काठ्या घेऊन निघाले. होता एकच कळप, तिघांनी तीन बाजूंनी पाहिलेला.

संयुक्त संरक्षणाचा निम्मा खर्च आणि निम्मी डोकेदुखी या एका प्रश्नात आहे: तुला दिसतंय ते आणि मला दिसतंय ते एकच आहे का? समजा एका रडारची उत्तर दिशा एका अंशानं चुकीची बसवली आहे. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण २०० किलोमीटरवरच्या लक्ष्यासाठी तो साडेतीन किलोमीटरचा फरक पडतो. शेजारी देशाचं अचूक रडार त्याच लक्ष्याला साडेतीन किलोमीटर बाजूला दाखवतं. पडद्यावर एकाच्या जागी दोन ठिपके, आणि मग दोन्हींवर क्षेपणास्त्रं. घड्याळाचंही तसंच. हजारेक किलोमीटर पल्ल्याचं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगानं जातं. दोघांच्या घड्याळांत एका सेकंदाचा फरक असेल तर दोघांच्या नकाशांत तीन किलोमीटरचा फरक.

म्हणून मित्रदेश एकत्र येतात तेव्हा पहिलं काम रुक्ष असतं. घड्याळं जुळवायची, नकाशाची मोजमापं जुळवायची, प्रत्येक लक्ष्याला एकच क्रमांक द्यायचा. नाटो देश आणि त्यांचे मित्र यासाठी 'लिंक १६' नावाचं रेडिओ-जाळं वापरतात. त्याची कल्पना मला फार आवडते. एका सेकंदाचे १२८ तुकडे केलेले आहेत आणि जाळ्यातल्या प्रत्येकाला आपापले तुकडे नेमून दिलेले आहेत. आपला तुकडा आला की बोलायचं, बाकी वेळ ऐकायचं. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला ही पद्धत लावली तर काय बहार येईल! विमान, जहाज, जमिनीवरची तुकडी, सगळे याच जाळ्यात. त्यामुळे वैमानिकाला स्वतःचं रडार बंद ठेवूनही दुसऱ्याच्या रडारला दिसलेलं लक्ष्य आपल्या पडद्यावर दिसतं.

हे नीट नसलं की काय होतं याचं दुखरं उदाहरण २००३ च्या इराक युद्धात आहे. २३ मार्चला अमेरिकेच्या पॅट्रियट तुकडीनं ब्रिटनचं टोर्नेडो विमान पाडलं, आतले दोघेही गेले. दहा-बारा दिवसांत अमेरिकेच्याच नौदलाचं एक एफ-१८ विमान पॅट्रियटनं पाडलं. आपल्याकडेही २७ फेब्रुवारी २०१९ ला श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि खाली जमिनीवर एक नागरिक दगावला. लष्करी विमानात 'मी आपला आहे' असं सांगणारं यंत्र असतं. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न जातो, विमान सांकेतिक उत्तर देतं. पण यंत्र बंद असेल, बिघडलं असेल किंवा संकेत जुळत नसतील तर विमान गप्प राहतं, आणि गप्प राहणाऱ्याबद्दल काय समजायचं हे त्या क्षणी खोलीत बसलेल्या माणसावर येतं.

आपला याच्याशी काय संबंध, असं नागपूर-पुणे विमानात बसणाऱ्याला वाटेल. संबंध आहे. भारतात विमान उडण्याआधी त्याला हवाई संरक्षण मंजुरीचा एक क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे आपण खिडकीशी बसून शेंगदाणे खात असतो तेव्हा हवाई दलाच्या नोंदीत ते विमान 'ओळखीचं' म्हणून आधीच लिहिलेलं असतं. रोज आभाळात येणाऱ्या शेकडो ओळखीच्यांची यादी पक्की असेल तरच अनोळखी एक उठून दिसतो.

घोडा कोण दाबणार

आता धुरा ओलांडण्याच्या प्रश्नाकडे येऊ. इथेच दोन बैठका लागतात, आणि देशांच्या बाबतीत दोन दशकं.

सगळ्यात साधी तोड म्हणजे पाळी. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांच्याकडे स्वतःची लढाऊ विमानं नाहीत. २००४ मध्ये ते नाटोत आले तेव्हापासून बाकीचे देश आळीपाळीनं, साधारण चार-चार महिने, तिथे विमानं आणून ठेवतात. रात्री-बेरात्री भोंगा वाजला की स्पेनचा किंवा पोर्तुगालचा वैमानिक लिथुआनियाच्या आभाळात झेपावतो. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी तर २०१७ पासून आपलं आणि मधल्या लक्झेंबर्गचं आभाळ एकत्र करून पाळ्या लावल्या आहेत: सध्या पाळी ज्याची, तिघांची राखण त्याची. ही निव्वळ जागल झाली.

पण पाळीवर असलेल्यानं काय करायचं आणि काय नाही, हे आधी लिहिलेलं असतं. युरोपचं आभाळ बघणारी नाटोची दोन जुनी केंद्रं, उत्तरेसाठी जर्मनीत उडेमला आणि दक्षिणेसाठी स्पेनमध्ये तोरेहोनला, परकं विमान आल्यावर जेट उडवायचा हुकूम देऊ शकतात. मात्र अपहरण झालेलं प्रवासी विमान पाडायचं की नाही, हा निर्णय ज्याचं आभाळ त्याच देशाचं सरकार घेतं. तो अधिकार कोणी कोणाला देऊन टाकलेला नाही. आत आपलीच माणसं बसलेली असताना तो हुकूम परक्या देशाच्या जनरलनं द्यावा, हे कोणत्या संसदेला पचेल?

अमेरिका आणि कॅनडा यात सगळ्यांत पुढे गेले. १९५८ पासून दोघांचं हवाई संरक्षण एकाच कमांडखाली आहे, तिचं नाव नोराड; प्रमुख अमेरिकन, उपप्रमुख कॅनेडियन. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी कोलोराडोतल्या डोंगराच्या पोटातल्या त्या केंद्रात ड्युटीवर सूत्रं हाती असलेला अधिकारी कॅनडाचा होता. अमेरिकेच्या आभाळाची सगळ्यात वाईट सकाळ, आणि खुर्चीत शेजारी देशाचा माणूस. त्यावर कोणी ओरड केली नाही, कारण ते त्रेचाळीस वर्षं तसंच चालत आलं होतं.

युरोपची परीक्षा ९ आणि १० सप्टेंबर २०२५ मधल्या रात्री झाली. रशियाचे ड्रोन पोलंडमध्ये शिरले. पोलंडच्या पंतप्रधानांनी संसदेत १९ वेळा हद्द ओलांडल्याचं सांगितलं. त्या रात्री पोलंडची एफ-१६ लढाऊ विमानं आभाळात होती, नेदरलँड्सची एफ-३५ होती, इटलीचं टेहळणी विमान होतं, जर्मनीची पॅट्रियट यंत्रणा सज्ज होती. काही ड्रोन पाडले गेले. नाटोच्या विमानांनी आपल्याच सदस्याच्या आभाळात घुसखोरावर शस्त्र चालवण्याची ही पहिलीच वेळ होती. म्हणजे डच वैमानिक पोलंडच्या आभाळात बटण दाबतो आणि त्याची परवानगी आधीच ठरलेली असते. दाबताना ॲमस्टरडॅमला फोन लावत बसला असता तर ड्रोन पुढच्या जिल्ह्यात पोचला असता.

धुरा ओलांडण्याची दुसरी बाजू जॉर्डननं अनुभवली. एप्रिल २०२४ च्या त्या रात्री अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यासोबत जॉर्डननंही आपल्या आभाळातले इराणी ड्रोन पाडले. इस्रायल म्हणालं ९९ टक्के हल्ला अडवला. पण गाझाच्या युद्धामुळे जॉर्डनची जनता आधीच इस्रायलवर संतापलेली. सरकारला लोकांना समजवावं लागलं की आम्ही आमच्या आभाळात शिरलेलं पाडलं, कोणासाठी नाही. संयुक्त संरक्षणात ज्याचं आभाळ मध्ये येतं त्याला घरात उत्तर द्यावं लागतं, हे नकाशावर कुठे लिहिलेलं नसतं.

आणि पाडलेलं किंवा नेम चुकलेलं शेवटी खालीच पडतं. १५ नोव्हेंबर २०२२ ला पोलंडमधल्या प्शेवोदूफ नावाच्या सीमेवरच्या खेड्यात धान्य वाळवण्याच्या ठिकाणी एक क्षेपणास्त्र येऊन पडलं. दोन माणसं जागीच गेली. काही तास जगाचा श्वास अडकला होता, कारण रशियानं नाटोवर हल्ला केला असा अर्थ निघत होता. नंतर नाटोनं सांगितलं की बहुधा रशियाचा मारा अडवताना युक्रेनच्याच हवाई संरक्षणानं सोडलेलं ते क्षेपणास्त्र होतं. त्या दोघांचा या सगळ्याशी संबंध एवढाच की त्यांचं गाव धुऱ्याला लागून होतं.

सुतळी बॉम्बचा हिशेब

मामा बॉम्ब जपून फोडतो. प्रत्येक खसफशीवर बॉम्ब उडवला तर हरभऱ्यापेक्षा फटाक्यांचा खर्च जास्त, आणि चार दिवसांत डुकरं आवाजाला सरावतात ते वेगळंच. पॅट्रियटचं एक अद्ययावत क्षेपणास्त्र सुमारे ४० लाख डॉलरचं. इराणी बनावटीचा शाहेद जातीचा ड्रोन २० ते ५० हजार डॉलरचा असल्याचे अंदाज आहेत. पोलंडमध्ये शिरलेल्यांत तर फोम आणि प्लायवूडचे, नुसता चकवा द्यायला सोडलेले ड्रोनही होते. ते पाडायला जगातल्या महागड्या लढाऊ विमानांपैकी एक उडालं.

पैशापेक्षा साठ्याची अडचण मोठी. नोटा छापता येतात. अशी क्षेपणास्त्रं जगभरात वर्षाला काही शेच बनतात, आणि रांगेत युक्रेन, युरोप, आखाती देश, जपान, तैवान सगळे उभे. त्यात नेम चुकू नये म्हणून एका बॅलिस्टिकमागे बहुधा दोन सोडतात. दोन देशांच्या तुकड्यांना एकमेकांचं दिसत नसेल तर दोन्हीकडून दोन-दोन, म्हणजे एकावर चार. एकत्र नकाशाचा रोकडा फायदा इथे आहे: कोणी सोडायचं ते ठरतं, बाकीच्यांचं वाचतं.

स्वस्तातली अक्कल युक्रेननं दाखवली. ड्रोनच्या इंजिनाचा आवाज टिपायला त्यांनी देशभर खांबांवर मायक्रोफोन बसवले. अमेरिकी हवाई दलाच्या युरोपातल्या प्रमुखांनी २०२४ मध्ये सांगितलं की असे सुमारे १०,००० आहेत आणि एकेकाची किंमत ४०० ते ५०० डॉलर. कान आवाज टिपतात, संगणक वाट काढतो, आणि ट्रकवर मशीनगन घेतलेली टोळी योग्य वळणावर जाऊन उभी राहते. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे आपलं कुत्रंच ना बे!" बरोबर आहे.

आपल्या नागपूरच्या सोलर समूहाचं 'भार्गवास्त्र'ही याच हिशेबातून आलंय. ड्रोनच्या झुंडीवर सोडायची छोटी-छोटी रॉकेटं, एका दमात चौसष्टपर्यंत. मे २०२५ मध्ये ओडिशातल्या गोपाळपूरला त्याची चाचणी झाली. तोफेनं डास मारायचे नसतील तर फडकं जवळ हवं.

कोणाचं यंत्र, कोणाचा प्लग

ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीच्या पुढाकारानं 'युरोपियन स्काय शील्ड' सुरू झालं. कल्पना अशी की सगळ्यांनी मिळून एकाच जातीची यंत्रं घ्यायची: मध्यम पल्ल्याला जर्मन आयरिस-टी, त्यावर अमेरिकी पॅट्रियट, आणि वातावरणाबाहेर अडवायला इस्रायली ॲरो-३. एकत्र खरेदी, एकत्र प्रशिक्षण, सुटे भाग एकमेकांना चालणारे. २० हून जास्त देश आले. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडसारखे तटस्थ म्हणवणारेही आले. फ्रान्स बाहेर राहिला. त्याचं म्हणणं, युरोपचं आभाळ राखायला अमेरिकेचं आणि इस्रायलचं सामान का, इटलीसोबत बनवलेली आमची यंत्रणा आहे की. यात धंदा आहेच, पण मला फ्रान्सचा मुद्दा अगदीच टाकाऊ वाटत नाही. ज्याच्याकडून गोळी विकत घ्यायची, अडचणीच्या दिवशी त्याच्या मर्जीवर राहावं लागतं.

तुर्कस्तानची कथा तर धडधडीत आहे. नाटोचा सदस्य असूनही त्यानं रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली, २०१९ मध्ये ती उतरवून घेतली, आणि अमेरिकेनं त्याला एफ-३५ च्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. एस-४०० वाईट म्हणून नाही. रशियाच्या रडारला एफ-३५ रोज बघायला मिळू नये म्हणून.

जपान आणि दक्षिण कोरिया दोघेही अमेरिकेचे जिवलग, दोघांनाही उत्तर कोरियाची भीती, पण आपसांत वसाहतकाळापासूनचं दुखणं. डिसेंबर २०२३ पासून उत्तर कोरियानं क्षेपणास्त्र सोडलं की त्याची माहिती तिघांत त्याच क्षणी फिरते. पोरांचं पटत नसेल तर आजीमार्फत निरोप जातात, तसं अमेरिकेमार्फत का होईना, पण जाते.

भारत अशा कोणत्याही संघात नाही, त्यामुळे आपल्याला आभाळाची जागल कोणाशी वाटून घ्यायची नाही. पण आपल्याकडचा घोळ वेगळाच: आपली यंत्रंच चार गावची आहेत. २०१८ च्या करारानं घेतलेली रशियाची एस-४००, इस्रायलसोबत मिळून बनवलेलं बराक-८ क्षेपणास्त्र, आपलं 'आकाश' क्षेपणास्त्र, आणि मूळच्या स्वीडनच्या बोफोर्सच्या एल-७० तोफा, ज्या आपल्या आजोबांच्या वयाच्या आहेत. यांना एका नकाशावर आणायचं काम हवाई दलाच्या आयएसीसीएस आणि लष्कराच्या आकाशतीर या जाळ्यांनी केलं. दोन्ही भारत इलेक्ट्रॉनिक्सची. सरकारनं दिलेल्या माहितीप्रमाणे ८ आणि ९ मे २०२५ मधल्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी पाकिस्तानकडून ३०० ते ४०० ड्रोन आले. त्या रात्री जुन्या एल-७० नंही काम केलं, कारण कुठे बघायचं हे तिला दुसऱ्याचे डोळे सांगत होते. तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद होते. नागपूर चालू होतं, आणि आमच्याकडे लोक लग्नाला जायची तिकिटं बदलण्यात गुंतले होते.

नागपूरला हे सगळं दूरचं वाटतं. सीमा लांब, समुद्र लांब. पण हवाई दलाची विमानं आणि इतर सामग्री यांची देखभाल-दुरुस्ती बघणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथे वायुसेनानगरला आहे. सिव्हिल लाइन्समध्ये १९५७ साली नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली, जिथे इशारा झाल्यावर लोकांना कसं हलवायचं, ढिगाऱ्यातून कसं काढायचं हे शिकवलं जायचं. आणि १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली चार विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. चार दिशांची विमानं एका अंधाऱ्या धावपट्टीवर सुखरूप जुळवणं म्हणजे काय, हे या गावातल्या जुन्या माणसांना रडारशिवाय माहीत होतं.

मामाची जागल यंदाही सुरू आहे. आता तिचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कोणी फोन सायलेंटवर ठेवून झोपतो, कोणी बॅटरीचा फोटो टाकून 'हजर' लिहितो. सध्या वाद पैशाचा आहे. नाल्याच्या तोंडाशी असलेल्या दोघांचे बॉम्ब सगळ्यांत जास्त फुटतात, म्हणून त्यांनी सातही जणांकडे वर्गणी मागितली. वरच्या अंगाला वावर असलेल्यानं लिहिलं, "माझ्याकडं तर दोन वर्षं झाली, डुक्कर आलंच नाही. मी काहून देऊ?" ग्रुपवर दिवसभर कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी मामानं त्याला उत्तर टाकलं: "या शनवारी नाल्यावर तू बस. चहा मी आणतो."